आंदणाची घोडी

लग्नात मुलीला आंदण म्हणून कुणी गाय देतं, कुणी कालवड, हात सैल असेल तर दुभती म्हैस. माझ्या वडिलांनी मला घोडी दिली. वऱ्हाडात हसू पसरलं. "पोरगी नांदाय चाललीया का लढाईला?" असं कुणीतरी म्हणालं, आणि माझ्या कानावर पडावं एवढ्या मोठ्यानं म्हणालं. वडील पळसदेवचे. भीमेच्या काठी, देवळाच्या वरच्या अंगाला आमची गवताची जमीन होती आणि तिथं ते भीमथडीची तट्टं पाळायचे. ही तट्टं दिसायला बुटकी, पण खडकाळ वाटेनं दिवसभर चालली तरी कुरकुर करत नाहीत. "तुमच्या घरात दूधदुभतं असंल," वडील माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "पण घोडी नसंल." ते खरंच होतं.

माझं सासर बारामतीच्या पूर्वेला, पाटाच्या शेपटाकडं. थोडा ऊस, बाकी ज्वारी, चार बैल, दोन म्हशी, आणि सासऱ्यांचा शब्द. मामंजी उंच, सडपातळ. डोक्याला पटका बांधल्याशिवाय अंगणातसुद्धा न येणारे. पहिल्या वर्षी त्यांनी घोडीकडं ढुंकून पाहिलं नाही. "खायाला बैलाएवढं, आन् दुधाच्या नावानं शिमगा," एवढंच म्हणायचे. तिला दाण्याची चंदी मी द्यायची, खरारा मी करायची, पाटावर पाणी पाजायला मीच न्यायची. रंगानं कुमैत, म्हणजे तांबूस काळसर होती आणि कपाळावर पांढरा ठिपका. माझ्या माहेरचं त्या घरात तेवढंच होतं, म्हणून तिच्याशी मी बोलायची. सासूबाई म्हणायच्या, "माणसं मेली का काय घरातली?"

पाण्याच्या पाळीनं सगळं फिरवलं. शेपटाकडच्या रानाला पाणी शेवटी मिळतं, आणि वरच्यांनी दार मोडलं तर मिळतच नाही. मामंजींना पाटाच्या कडेनं दूरवर जाऊन बघून यावं लागायचं. एकदा पायात काटा मोडला होता, तेव्हा नाइलाजानं घोडीवर बसले. गेले आणि बैल जुंपायच्या आत परत आले. त्या दिवसापासून ती "आमची घोडी" झाली. माझी होती ती आमची झाली, आणि मला कुणी विचारलं नाही.

मग मामंजींना हौस सुटली. घोडीला नाचायला शिकवायचं. गावातला हलगीवाला रोज तिसऱ्या प्रहरी मळ्यात यायचा. तो हलगी वाजवायचा, मामंजी वेताच्या काठीनं तिच्या पुढच्या पायांना हळूच टोकायचे, आणि पाय उचलला की तळहातावरचा गूळ पुढं करायचे. मारलं मात्र कधी नाही, एवढं म्हणायलाच हवं. दोन-अडीच महिन्यांत ती हलगी ऐकली की मान कमानीसारखी करून पाय उचलायला लागली. पण मिरवणुकीत हलगीवाले मध्येच थांबतात, जाळ करून हलगी शेकतात, तेव्हा घोडी नुसती उभी राहिली तर शोभा जाते. म्हणून मामंजींनी तिला आणखी एक शिकवलं. हलगी थांबली तरी थांबायचं नाही. थांबायचं कधी, तर मामंजी डोक्यावरचा पटका काढून तिच्या मानेवर टाकतील, त्याचा एक पदर डोळ्यांवर ओढतील आणि म्हणतील, "बास, बाय." तेव्हाच. मळ्यात घरची माणसं आणि हलगीवाला सोडून बघायला कुणी नव्हतं, त्यामुळं बोडक्या डोक्याचं कुणाला काही वाटलं नाही.

पंचक्रोशीत नाव झालं. ज्याच्या घरी लग्न, तो घोडी मागायला आमच्या दारात. मामंजी हो म्हणायचे, मान स्वतः घ्यायचे आणि पहाटे तिला खरारा करून सजवायची मी. मिरवणूक संपली की ते तिला मांडवामागच्या आडोशाला न्यायचे आणि पटका तिथं टाकायचे. अशाच एका लग्नसराईत ती गाभण असताना नाचली आणि चौथ्या दिवशी गाभ टाकला. मामंजी म्हणाले, दृष्ट लागली. मी म्हटलं, हलगी लागली. सासूबाईंनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि मला गोठ्यात पाठवलं.

पुढच्या ज्येष्ठात मी हट्टानं तिला माहेरी नेऊन वडिलांच्या घोड्याला दाखवून आणली. त्या दिवाळीच्या आत वडील गेले. बारामती-इंदापूर रस्त्यावर मोटारी धावायला लागल्या होत्या, आता तट्टाला कोण विचारतंय म्हणत भावांनी सगळी जनावरं व्यापाऱ्याला देऊन टाकली. तो घोडाही गेला. वडिलांच्या हातचं आता जे काही उरलं होतं ते माझ्या घोडीच्या पोटात होतं. ते शिंगरू मला हवं होतं. इतकं हवं होतं की मी मनातल्या मनात देवाशीसुद्धा भांडायची, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

माघात मामंजींच्या धाकट्या भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. दोघे भाऊ पाण्याच्या पाळीवरून भांडून दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. या लग्नाच्या निमित्तानं गोडी झाली. सुपारी फुटली तेव्हा मामंजींनी भर बैठकीत शब्द दिला, "माझा पुतण्या आमच्या घोडीवर बसून परण्याला जाईल, आन् घोडी नाचंल." परण्या म्हणजे वेशीच्या मारुतीपासून मांडवापर्यंतची नवरदेवाची मिरवणूक. लग्न वैशाखात, मुलीच्या गावी, इंदापूरच्या वाटेवर दोन-अडीच कोसांवर. घोडी तोवर मोकळी होईल असा मामंजींचा हिशेब. पण जन्मभर म्हशी पाळलेला माणूस तो, म्हशीचे दहा महिने धरून बसला. घोडीला अकरा लागतात. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला ते समजलं तेव्हा सुपारी फुटून पान-तंबाखूही खाऊन झालं होतं.

चैत्र सरला, घोडी व्याली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिच्या पोटाखाली वाकून बघितलं तर सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळे थेंब धरले होते. वडिलांनी मला लहानपणीच दाखवलेली खूण ती. मेण आलं की घोडी एक-दोन दिवसांत व्यायची. 

यांना ओढत नेऊन दाखवलं. आमचे हे स्वभावानं गरीब; बाप आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की जमिनीकडं बघत राहायचे. "अगं, पर आबांनी शब्द दिलाय," म्हणाले. मग मीच ओसरीवर गेले. पदर नाकापर्यंत ओढला होता, पण आवाज काही पदरात मावला नाही.

"मामंजी, घोडी उद्या-परवा व्यायची हाय. तिला न्हेऊ नगा."

"दहा म्हैनं सरलं तरी व्याली न्हाई, ती काय उद्याच व्यायची? चार पावलं चालली म्हंजे काय मरती का?"

"चार पावलं चालंल. नाचली तर मागल्या वक्तासारखं हुईल. ह्या खेपेला तीबी जाईल."

मामंजींनी एकदा गोठ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "सूनबाई, भावाला दिलेला शब्द हाय. दोन वर्सांनी त्यानं माझ्या घरचं पाणी प्यालंय. घोडी न्हेली न्हाई तर तो म्हणंल, दादानं पुन्यांदा डाव साधला." त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मला राग आला होता तो गेला नाही, पण त्यांचंही मला कळलं. शेवटी असं ठरलं की घोडी जाईल, नवरदेव बसेल, पण पुढं हलगी वाजणार नाही. आमच्या हलगीवाल्यांना मामंजी बजावतील. आणि लगाम माझ्या हातात राहील. बाईमाणसानं परण्याला लगाम धरायचा हे कुणी ऐकलं नव्हतं, पण त्या दिवशी माझ्याशी वाद घालायची कुणाची छाती झाली नाही.

उजाडताच निघालो. वऱ्हाड गाड्यांत, मी घोडीबरोबर पायी. खोगीर तिच्या पाठीवर न घालता गाडीत टाकलं होतं. गाडीतल्या बाया मला हसत होत्या, "नवऱ्याची करवली म्हणावी का घोडीची?"  माझं सगळं लक्ष तिच्या पोटाकडं. ती मध्येच थांबायची, मान वळवून कुशीकडं बघायची, शेपटी झटकायची. ऊन चढायच्या आतच तिच्या मानेवर घाम आला. मी पदरानं पुसत होते आणि पुटपुटत होते, "आजचा दिवस निभाव गं बाई." आयुष्यात मी कुणाची एवढी मनधरणी केलेली नाही.

मारुतीपाशी पोचलो. मुलीकडच्यांनी मानाचे पटके आणले होते. वडीलधारे म्हणून पहिला पटका मामंजींना. मुलीच्या बापानं स्वतःच्या हातानं त्यांच्या डोक्याला बांधला, गुलाबी, चांगला लांबलचक. दुसरा धाकट्या मामंजींना. दोघे भाऊ शेजारी उभे होते आणि एकमेकांकडं बघून हसत होते. ते बघून मला वाटलं, निभेल. नवरदेवाला बाशिंग बांधून बसवलं. पोरगा अंगानं हलका होता, तेवढं एक बरं. आमचे हलगीवाले ठरल्याप्रमाणं हलग्या काखेत मारून मागं राहिले.

मिरवणूक निघाली. देवळाचा कोपरा वळलो, आणि समोर हलगी कडाडली.

मुलीकडच्यांनी त्यांची हलगी आणली होती. आम्ही आमच्या हलगीवाल्यांना बजावलं होतं. मुलीकडचेही आणतील हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. घोडीचे कान ताठ झाले. मला लगामातून कळलं, तिच्या अंगातून एक लाट गेली आणि मान कमानीत आली. तिनं उजवा पाय उचलला.

"नाचली! घोडी नाचली!" लोकांनी आरोळी ठोकली. आपटबार उडाले. मी लगामाला लोंबकळत ओरडत होते, "बंद करा! हलगी बंद करा!" हलगीवाल्यांना वाटलं मी त्यांना चेव देतेय, त्यांनी हात आणखी चालवला. आमचे हे गर्दीत घुसले आणि एकाचा हात धरला. मुलीकडची पोरं अंगावर आली, "परण्या हाय का मयत हाय? हलगी का बंद?" ढकलाढकली झाली. पण आमचे हे त्या दिवशी जमिनीकडं बघत राहिले नाहीत. त्यांनी हलगीच हिसकून घेतली.

हलगी थांबली. घोडी थांबली नाही.

मोकळ्या शांततेत तिचे खूर वाजत होते. तोंडाला फेस, डोळे विस्फारलेले, पोटावरचं कातडं थरथरतंय, आणि ती पाय उचलतेच आहे. शिकवलेलं ती चोख करत होती. वर बाशिंगातला नवरदेव खोगिराला धरून बसलेला. मी मागं वळून बघितलं. मामंजी तिथंच होते, व्याह्याच्या शेजारी. माझी त्यांची नजरानजर झाली. काय करायचं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

व्याह्यानं बांधलेला मानाचा पटका. बांधून अजून घटका झाली नव्हती. तो काढून टाकायचा म्हणजे व्याह्याचा मान पायाखाली घालायचा. आणि भर लग्नात घरातल्या कर्त्या माणसानं डोकं बोडकं करायचं, तर ते कुणी मेल्यावर करतात. आडोशाला न्यायला वेळ नव्हता, दोन गावं बघत होती. शेजारी सख्खा भाऊ होता, दोन वर्षांनी बोलायला लागलेला. मामंजींचा हात वर गेला, पटक्यापाशी पोचला आणि तिथंच राहिला.

घोडीचा मागचा पाय घसरला. ती गुडघ्यावर आली, उठली, पुन्हा पाय उचलला.

"मामंजी!" मी किंचाळले. डोक्यावरचा पदर केव्हाच खांद्यावर आला होता. "तुमीच शिकवलंय तिला! थांबवा!"

सुनेनं सासऱ्यावर असं ओरडलेलं त्या गावानं त्याआधी ऐकलं नसेल. मामंजींनी पटका काढला. चालत पुढं आले, विरळ पांढऱ्या केसांचं त्यांचं डोकं उन्हात उघडं. पटका तिच्या मानेवर टाकला. ती थांबेना. पटका कोरा होता, खळीचा वास येणारा, रोजचा नव्हता. मामंजींनी दुसऱ्यांदा टाकला, पदर तिच्या डोळ्यांवर ओढला, आपलं उघडं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं आणि म्हणाले, "बास, बाय. बास. चुकलं माझं."

ती उभी राहिली. चारी पाय थरथरत होते, पण जमिनीवर होते. मी नवरदेवाला अक्षरशः ओढून खाली उतरवलं.

नवरदेव मांडवापर्यंत चालत गेला. धाकटे मामंजी जवळ आले. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. "दादा, माझ्या पोराच्या लग्नात डोकं बोडकं केलंस," एवढंच म्हणाले.  अक्षता पडल्याचा गलका आम्ही लांबून ऐकला, कारण तोवर घोडीला देवळामागच्या चिंचेखाली नेलं होतं. मामंजी पंगतीला गेले नाहीत, आणि त्यांना बोलवायलाही कुणी आलं नाही.

भर दुपारी ती आडवी झाली. आधी एक खूर दिसला. मग बराच वेळ काहीच नाही. दोन खूर आणि त्यावर नाक, असं यायला हवं, वडील सांगायचे. मी हाताला कोपरापर्यंत तेल लावून तो आत घातला. दुसरा पाय गुडघ्यात मुडपलेला होता. तिची कळ आली की माझा हात चेचायचा, कळ गेली की मी पाय सरळ करायची. मामंजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.  पाय सुटला आणि मग सगळं एकदम आलं. काळपट, ओलं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. ते हलेना.

मी नाकातोंडातला चिकटा काढला, चोळायला काहीतरी हवं म्हणून हात पसरला. मामंजींनी तो मानाचा पटका माझ्या हातात दिला. मी त्या गुलाबी पटक्यानं शिंगराला बरगड्यांवर, छातीवर चोळत राहिले, रडत राहिले, वडिलांचं नाव घेत राहिले. मग ते शिंकलं. एवढासा आवाज, पण घोडीनं मान उचलून त्याला हाक दिली. मामंजींनी दोन्ही हातांनी आपलं उघडं डोकं धरलं आणि लहान पोरासारखे रडले.

दोघा भावांचं बोलणं पुन्हा तुटलं. पाळीच्या पाण्यावरून पुन्हा कटकटी सुरू झाल्या, आणि ज्यानं मानाचा पटका जनावराखाली घातला तो म्हणून मामंजींना पुढं कित्येक लग्नांत कुणी पुढं बसवलं नाही. त्यांना ते लागत होतं. एखादे वेळी जेवता जेवता हात थांबायचा, तेव्हा मला कळायचं. पण मला ते कधी, रागाच्या भरातसुद्धा, त्यावरून बोलले नाहीत.

शिंगरू मादी होती. तिला मी चालायला शिकवलं, ओझं घ्यायला शिकवलं. हलगीवाल्याला मामंजींनी मळ्यात पुन्हा बोलावलं नाही.

ती चौथ्या वर्षाला लागली तेव्हा एक दिवस धाकटे मामंजी अंगणात येऊन उभे राहिले. चप्पल काढली, पण ओसरीवर चढले नाहीत. मामंजी सुपारी कातरत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"दादा, धाकट्याचं लगीन ठरलंय," ते म्हणाले. घसा खाकरला. "घोडी पायजे हुती."

अडकित्ता थांबला. मी दाराआड उभी होते. आता मामंजी हो म्हणणार. भाऊ आपल्या पायानं आलाय, नाही कसं म्हणतील?

"मला काय इचारतुस?" मामंजी म्हणाले. "घोडी सूनबाईची हाय. तिच्या बापानं दिल्याली. तिला इचार."

धाकटे मामंजी माझ्याकडं वळले. त्या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारायला वळलं होतं. मी दाराआडून पुढं आले. 

"धाकटी न्या," मी म्हटलं. "पर तिला नाचता येत न्हाई. नुसतं चालता येतं."

"चालू दे की," ते म्हणाले. "गेल्या खेपंला नवरदेव मांडवापर्यंत चालतच ग्येला. हा बसून तरी जाईल."

मामंजी हसले नाहीत. त्यांनी फक्त डोक्यावरचा पटका एकदा दोन्ही हातांनी नीट बसवला, सरकून ओसरीवर शेजारी जागा केली आणि कातरलेली सुपारी भावापुढं धरली.